रजेचा आहेर

"नेमकं कुठं झालंय ते सांगा, बाई. लोक रजा देतायत. कशासाठी देतायत ते त्यांना कळायला पाहिजे."

अधीक्षक साहेब हे माइकवर बोलले. ऑफिसच्या सत्यनारायणाचा दिवस होता. पूजा आटोपली होती, माइक लावलेलाच होता, सगळा स्टाफ शिऱ्याचे द्रोण हातात घेऊन हॉलमध्ये बसला होता. मला पुढं बोलावलं. चौरंगाच्या बाजूला उभं केलं आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"छातीला," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला. मागं ऐकू जात नाही."

"छातीला. गाठ आहे."

माझाच आवाज भोंग्यातून माझ्या अंगावर आला. मागच्या रांगेत कोणी तरी हसू दाबलं. बायकांनी माना खाली घातल्या. पुरुषांनी पाहिलं. कुठं पाहिलं ते मला कळलं. मी पदर दोन्ही हातांनी ओढून घेतला, तसे साहेब म्हणाले, "लाजायचं काय त्यात? आजार आहे, गुन्हा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब किती चांगले आहेत, हे सगळ्यांना पटलं.

मी शिपाई. बेलापूरला एका सरकारी खात्याच्या ऑफिसात. नवरा त्याच खात्यात पाण्याच्या पंपावर होता, शॉक लागून गेला. त्याच्या जागी मला घेतलं. ऑर्डरवर 'अनुकंपा तत्त्वावर' असं लिहिलं होतं. मी हेडक्लार्क लेलेबाईंना अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "म्हणजे दया." तेव्हापासून ऑफिसात माझं नाव अनुकंपावाली. नवऱ्याचा जीव गेला त्या पंपावर, पण नोकरी मला दयेनं मिळाली, असा तो हिशेब. मी कधी काही बोलले नाही. दोन पोरं शाळेत, नेरूळचं क्वार्टर नोकरीचं. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. साताऱ्याकडं गावी परत जायचं तर तिथं आमचं काही नाही. काही असतं तर आलोच नसतो.

डॉक्टरांनी सांगितलं, आधी ऑपरेशन, मग सलाईनमधून औषध, ते बरेच महिने. माझी रजा तर पोरांच्या दुखण्याखुपण्यात आधीच संपलेली. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन रडले. खरं सांगते, मी मरायला तेवढी भीत नव्हते, जेवढी बिनपगारी व्हायला भीत होते. साहेबांनी वर पत्रव्यवहार केला. कर्मचाऱ्यांनी आपल्या रजेतले दिवस मला द्यायचे, अशी खास परवानगी आणली. आमच्या खात्यात असं पहिल्यांदाच होत होतं. त्याला त्यांनी नाव दिलं रजादान.

आणि मग माइक लेलेबाईंकडं गेला.

"अधीक्षक साहेबांकडून दोन दिवस." टाळ्या. "लेखा शाखेकडून सगळे मिळून चार दिवस." टाळ्या. यादी बरीच पुढं गेल्यावर, "गुप्ते साहेबांकडून एक दिवस." टाळ्या. प्रत्येक नावाला लेलेबाई माझ्याकडं वळून हळूच म्हणायच्या, "हात जोडा." मी जोडायचे. खाली घ्यायचे, पुन्हा जोडायचे.

हे मी आधी ऐकलेलं होतं. गावाकडं लग्नात आहेर असाच पुकारतात. अमक्याकडून लुगडं, तमक्याकडून परात. आई आणि मी मांडवाबाहेर बसायचो, शेवटची पंगत उठायची वाट बघत. उरलंसुरलं पातेल्यात टाकून मिळायचं, ते घरी न्यायचं. आमच्या वस्तीच्या बायका सगळ्याच तिथं असायच्या. आईला आहेर ऐकायला आवडायचं. कोणी किती केला, कोणी हात आखडला, तिला सगळं पाठ. आता मी मांडवाच्या आत आले होते आणि पुकारा माझ्या नावाने चालला होता. पण आहेराचं एक असतं. तो फेडायचा असतो. ज्याने तुमच्याकडं लुगडं आणलं, त्याच्याकडं तुम्हाला न्यावं लागतं. नाही नेलं तर नाव निघतं. या लोकांचे दिवस मी कुठून फेडणार होते? माझेच किती उरलेत ते मला माहीत नव्हतं.

प्रसाद मी घेतला नाही. आम्ही बौद्ध. एरवी कोणाच्या लक्षात आलं नसतं. त्या दिवशी आलं. "रजा चालते, प्रसाद चालत नाही," असं कोणी तरी बोललं, आणि ते मला ऐकू यावं असंच बोललं.

ऑपरेशन झालं. एक बाजू काढली. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. माइकवर सांगून झालंय.

घरी आले आणि खरी भीती तिथून सुरू झाली. ज्या क्रमाने नावं पुकारली, त्याच क्रमाने ऑफिस माझ्या खात्यातले दिवस कापत होतं. तो क्रम मला पाठ झाला होता. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार, आज कोणाचा दिवस? आज साहेबांचा. आज लेलेबाईंचा. ज्याचा दिवस, तो माणूस दिवसभर घरात बसून असल्यासारखा वाटायचा. त्याच्यासमोर मी हसले नाही. गाणं ऐकलं नाही. शेजारी सगळी आमच्याच खात्याची बिऱ्हाडं, म्हणून खिडकी लावून घ्यायचे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. आजारी बाई स्वयंपाक करते म्हणतील.

औषध सुरू झाल्यावर उलट्या व्हायला लागल्या. मोठ्यानं व्हायच्या. आणि मला बरं वाटायचं. शेजारी ऐकतील, म्हणतील, बाई खरंच आजारी आहे. आतडी तोंडाला येतायत आणि मी मनात म्हणतेय, ऐका. माणसाला किती घाबरवलं की तो असा होतो, ते मला तेव्हा कळलं.

केस गेले. डोक्याला रुमाल बांधायला लागले. डॉक्टर म्हणाले, अंडी खा, मासळी खा, थोडं चाला. एक दिवस संध्याकाळी जरा तरतरी वाटली म्हणून बाजारात गेले. मेथीची जुडी हातात घेतली होती. मागून गुप्त्यांचा आवाज आला.

"काय बाई, आज माझा दिवस ना? मजा आहे तुमची."

ते हसत होते. थट्टाच होती त्यांची. बायको सोबत होती, तीही हसली. मी जुडी खाली ठेवली आणि घरी आले. दार लावलं, कडी लावली, कडी लागलीय का ते पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक शिपाई दारात. माझ्याच बाजूच्या स्टुलावर बसणारा. बिचारा माझ्याकडं बघतही नव्हता. "साहेबांनी बघून यायला सांगितलंय, बाई घरात हायेत का. मी काय करू?" म्हटलं, बघ. रुमाल काढून दाखवू का? तो जिन्याने पळतच गेला.

त्यानंतर मी खाली उतरलेच नाही. पोरांना सांगितलं, कोणी विचारलं तर आई झोपलीय म्हणायचं. मोठी मुलगी म्हणाली, "आई, आपण काय चोरी केलीय?" मी तिच्यावर ओरडले.

आमच्या ऑफिसात ठेकेदाराकडून झाडूपोछ्याला शेवंता येते. करावे गावातली, खाडीवर मासे मारणाऱ्यांच्या घरातली. तिच्याकडं देण्यासारखी रजाच नव्हती, म्हणून तिचं नाव माइकवर आलं नव्हतं. ती एक दिवस दुपारी आली. हातात पिशवी, पिशवीत कोळंबी. घरात अंधार बघून तिने आधी खिडकी उघडली. मी म्हटलं, लाव, लोक बघतील.

"बघू दे. तुला काय झालाय? इतकी भितंस कशाला?"

मी तिला सगळं सांगितलं. कोणाचा दिवस कधी, गुप्ते काय म्हणाले, बघायला माणूस कसा पाठवला. ती कोळंबी सोलत ऐकत होती.

"माझा बा तापाने पडला होता, मी ल्हान होते," ती म्हणाली. "होडीवर गेला नाय किती दिस. पन त्याचा वाटा घरी यायचा. टोपली दारात ठेवायची नि निघून जायचं. कोनी ठेवली ते पन म्हाईत नाय पडायचं."

"मग तुझा बा बरा झाल्यावर आभार मानायचा का?"

"कोनाचे? उद्या त्यातला कोन पडला तर बा जायाचाच हाय ना पान्यात. वाटा हाय तो, बाय. वाट्याला कोन हात जोडतो?"

तिने हे काही मोठं सांगितल्यासारखं सांगितलं नाही. लगेच मीठ कुठं आहे विचारलं. ती गेल्यावर मी बसून राहिले. वाटा. आमच्या आईने आयुष्यभर मागून आणलं. कधी भाकरी, कधी जुनं लुगडं. तिला मिळालं ते सगळं दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या मर्जीने. वाटा तिला कधी मिळाला नाही. मलाही नाही. नोकरी दयेची, रजा दानाची. रागाने माझं अंग थरथरायला लागलं. इतके महिने थरथरत होते ते भीतीने. राग आल्यावर जरा बरं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, भीती गेली नव्हती. ती तिथंच होती.

दिलेले दिवस संपले. सलाईन अजून बाकी होतं. मला ऑफिसात बोलावलं. साहेब केबिनमध्ये, लेलेबाई बाजूच्या खुर्चीवर. मला बसा म्हणाले, हे आधी कधी झालं नव्हतं.

"हे बघा बाई," साहेब म्हणाले, "पुन्हा रजादान ठेवतोय. वरून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोरच करू. लोक मागच्या वेळेइतके आता देणार नाहीत, उत्साह कमी होतो. तेव्हा तुम्ही एक करा. रुमाल काढून या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लोकांना दिसलं की देतात. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

लेलेबाई खाली बघत होत्या. साहेबांच्या आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता. तेच भयंकर होतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करतायत. माझा हात आपोआप रुमालावर गेला. काढायला नाही. धरायला. पोरांची शाळा, क्वार्टर, पुढचं सलाईन, सगळं एका वेळी डोळ्यांसमोर आलं, आणि तरी तोंडातून शब्द बाहेर पडले.

"नाही काढणार."

"मग रजा कुठून येणार?"

"रजा पायजे मला. पण अशी नको."

"मग कशी?"

"सगळ्यांनी एकेक दिवस घालायचा. एका ठिकाणी. कोणाचा कुठला ते कळू नये. मी पण घालीन, होईल तेव्हा. जो पडेल त्याने उचलायचा. डॉक्टरचा कागद तुमी एकट्याने बघा. खाडीवर होडीवाले वाटा घालतात, तसं."

साहेबांनी चष्मा काढला. "हे सरकारी ऑफिस आहे, बाई. मासळीबाजार नाही. नियमात बसत नाही असलं."

"रजादान तरी कुठं बसत होतं? तुमीच बसवलं ना."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. "लोकांनी दिलेलं नाकारणारी बाई पहिल्यांदा बघतोय. उपकाराची जाणीव ठेवायला शिका. बिनपगारी लागेल, आणि मग क्वार्टरचाही विचार करावा लागेल. जा तुम्ही."

बाहेर आले आणि जिन्यात बसले. शेवंता बादली घेऊन खालून येत होती. तिला म्हटलं, मी माती केली गं सगळी. पोरांना रस्त्यावर आणलं. ती बाजूला बसली. मला नीट सांग म्हणाली, कोनी काय बोलला. मी सांगितलं. ती हसली नाही, शाबासकीही दिली नाही. म्हणाली, "मंग लिव आता कागदावर. लोकांकडं मी जाते."

अर्ज मी लिहिला. मोठ्या मुलीने भाषा सुधारली. शेवंता शिपाई, ड्रायव्हर, चौकीदार, झाडूवाल्या, सगळ्यांकडं फिरली. काहींनी सही केली, काही घाबरले. मी त्यांना नावं ठेवत नाही, मी स्वतः त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेली होते. दोन सलाईनच्या मधल्या काळात मी कामावर जायचे, स्टुलावर बसायचे, बेल वाजली की भिंत धरून उठायचे. गुप्त्यांकडं मी स्वतः गेले. ते म्हणाले, "कोणाला जाणार ते माहीत नसताना माझा दिवस मी का द्यावा?"

"उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुमाला कोणी विचारणार नाही, कुठं झालंय म्हणून."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग तसाच परत दिला.

मोठे साहेब आले त्या दिवशी रजादान झालं नाही, कारण घेणारीच उभी राहिली नाही. पण चहा न्यायचं काम माझंच. रुमाल बांधून, ट्रे घेऊन केबिनमध्ये गेले. चहा ठेवला. पोलक्यातून अर्ज काढला आणि मोठ्या साहेबांच्या समोर ठेवला. आमचे अधीक्षक अर्धे उठले. "बाई, हे काय चाललंय?"

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी पळाले असते. मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला. "बघू," म्हणाले. आणि चहा प्यायले.

त्या 'बघू'ला बरेच महिने लागले. तोवर माझी उरलेली सगळी सलाईनं बिनपगारी झाली. क्वार्टर का खाली करू नये, असं पत्रही आलं. पोरं एक वर्ष सहलीला गेली नाहीत, नवे कपडे नाहीत, आणि मी दर सकाळी उठून दारात कोणी येतंय का ते ऐकत राहिले. मला त्या अर्जाचा एक दिवसही मिळाला नाही. मग ऑर्डर आली. 'सामायिक रजा खाते.' फक्त चतुर्थ श्रेणीसाठी, तेही तात्पुरतं. कोणाचा दिवस कोणाला गेला ते उघड करायचं नाही, असं त्यात होतं. साहेबांनी ती ऑर्डर माझ्या स्टुलावर टाकली आणि म्हणाले, "घ्या तुमचा वाटा." टोमणा होता. मी तो टोमणा म्हणून घेतला नाही.

पहिली रजा उचलली ती एका ड्रायव्हरने. काय झालं होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. बरा होऊन आला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या स्टुलासमोर उभा राहिला. वयाने माझ्या वडिलांएवढा. दोन्ही हात जोडले.

"बाई, तुमच्यामुळं..."

"हात खाली घ्या, मामा."

त्याला कळेना. तसाच उभा राहिला. मी माझ्या हाताने त्याचे हात खाली केले. जरा जोरातच केले. आजूबाजूचे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्ही पण दिवस घातला होता ना यात? मग तुमचाच तुम्ही उचललात. पुन्हा कोणापुढं हात जोडलेले दिसलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतले नाहीत. कोणी तरी कडू व्हावंच लागतं, नाही तर हे खातं पुन्हा दान होऊन बसेल. साहेब लोक त्याचीच वाट बघतायत.

पुढच्या आठवड्यात मला तपासणीला जायचंय. दुसऱ्या बाजूला हाताला काही तरी लागतंय. शेवंता सोडून कोणाला सांगितलेलं नाही. भीती वाटते. आंघोळ करताना हात तिथं नेत नाही, आणि नेल्याशिवाय राहवतही नाही. पण आता कोणाचा दिवस आहे हे मी मोजणार नाही. लागेल तेवढी रजा उचलीन. दिवसाढवळ्या बाजारात जाईन, खिडकी उघडी ठेवीन, हसू आलं तर हसेन. बरी झाले तर माझा वाटा पुन्हा घालीन. नाही झाले तर नाही घालणार. पोरांना सांगून ठेवलंय, कोणी दारात येऊन तुमच्या आईचे आमच्यावर उपकार, नाही तर आमचे तुमच्यावर उपकार, असलं काही बोलायला लागलं, तर दार लावून घ्यायचं. मी कोणाचं काही देणं लागत नाही.